पेच नसलेली रायफल : सदोष प्रतिकृती ठेवायची की परत करायची?

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींनो, कागद कसा वाचायचा यावर आपण पुष्कळ बोलतो. मोडी कशी शिकायची, अभिलेखागारात रुमाल कसा मागवायचा, टिपणं कशी ठेवायची, हे सगळं कुणी ना कुणी सांगतं. वस्तू कशी वाचायची हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही. त्यातून ती वस्तू मूळची नसून अलीकडे बनवलेली नक्कल असेल, तर ‘शोभेची आहे’ म्हणून आपण ती बाजूला ठेवून देतो. आज अशाच एका नकलेबद्दल लिहायचं आहे. प्रश्न अगदी व्यवहारातला होता : सदोष निघालेली प्रतिकृती ठेवून घ्यायची की परत पाठवायची? उत्तर शोधताना मुंबई सैन्याच्या इतिहासातला एक मोठा मुद्दा हाताशी आला, म्हणून हे टिपण.

पार्श्वभूमी

महाडमध्ये आम्ही चौघं मिळून एक छोटं प्रदर्शन उभं करत होतो. विषय : महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या गावांतून कंपनीच्या आणि नंतर राणीच्या फौजेत गेलेले शिपाई. काळ ढोबळमानाने १८१८ ते १८९३. मे १८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या ताब्यात गेला, तिथे सुरुवात. १८९२-९३ च्या सुमाराला महारांची सैन्यभरती बंद झाली, तिथे शेवट.

अशा प्रदर्शनात बंदूक हवीच, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मूळची बंदूक मिळवणं सोपं नसतं. चालू स्थितीतली असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागू होतो. संग्रहालयं अशा वस्तू कपाटाबाहेर देत नाहीत. म्हणून वर्गणीतून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून न उडणारी प्रतिकृती मागवली. जाहिरातीत लिहिलं होतं : ‘१८५७ च्या शिपायाची एनफिल्ड रायफल, अस्सल मापाची’. परत करायची मुदत सात दिवस.

मूळ बंदूक कशी होती?

कोकणात ‘ठासणीची बंदूक’ हा शब्द अजून जिवंत आहे. रानडुकरांपासून आणि माकडांपासून शेत राखायला परवान्यावर घेतलेली अशी बंदूक गावोगाव एखाद्या घरी असते. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालायची आणि गजाने ठासायची, म्हणून ठासणीची. एनफिल्ड हीसुद्धा ठासणीचीच. शिपाई कागदी काडतूस फाडून दारू नळीत ओततो, गोळी घालतो, गजाने ठासतो. मग मागच्या बाजूला असलेल्या बोंडीवर तांब्याची छोटी टोपी बसवतो, घोडा ओढतो आणि चाप दाबतो. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो.

मग ती ‘रायफल’ कशामुळे? नळीच्या आतल्या पेचदार खाचांमुळे. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्डमध्ये अशा तीन खाचा होत्या. नळीचा व्यास ०.५७७ इंच, म्हणजे साधारण १४.७ मिलिमीटर. नळीची लांबी ३९ इंच, पूर्ण बंदूक ५५ इंच, म्हणजे जवळजवळ साडेचार फूट. गोळी लांबट आणि बुडाला पोकळ. बार उडताच बूड फुगून खाचांना घट्ट बसतं आणि गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. फिरणारी गोळी सरळ जाते. त्यामुळे या बंदुकीवर मागे शिडीसारखी उघडणारी माशी बसवलेली असे आणि तिच्यावर ९०० यार्डांपर्यंतचे आकडे असत.

गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीत गोळी सैल बसते आणि नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर येते. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरायला तिचा फारसा भरवसा नाही. बाहेरून दोन्ही बंदुका सारख्याच दिसतात. फरक सगळा नळीच्या आत असतो.

इथे एक प्रचलित समज तपासून घेऊ. ‘१८५७ चा शिपाई’ म्हटलं की हातात एनफिल्ड आलीच, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात १८५७ च्या सुरुवातीला एनफिल्ड देशी पलटणींच्या हाती जेमतेम पोचत होती. डमडम, अंबाला, सियालकोट इथल्या शिक्षणकेंद्रांत निवडक शिपायांना ती शिकवली जात होती. चरबी लावलेल्या काडतुसांची बातमी मात्र बंदुकीच्या कितीतरी पुढे धावली. मीरतला २४ एप्रिल १८५७ रोजी तिसऱ्या घोडदळातल्या ९० पैकी ८५ जणांनी काडतुसं नाकारली, ती जुन्याच पद्धतीची होती. म्हणजे ‘१८५७ च्या शिपायाची एनफिल्ड’ हे जाहिरातीतलं वाक्यच आधी तपासायला हवं.

१८५७ नंतर काय झालं?

आता मुख्य मुद्दा. उठाव मोडल्यावर सरकारपुढे प्रश्न होता : देशी शिपाई तर हवेत, पण त्यांच्या हाती काय द्यायचं? जोनाथन पील यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि १८५९ मध्ये त्याचा अहवाल आला. बंगालमध्ये दोन देशी शिपायांमागे एक गोरा आणि मुंबई-मद्रासमध्ये तीन देशी शिपायांमागे एक गोरा असं प्रमाण सुचवलं गेलं. डोंगरी तोफखान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर तोफा गोऱ्यांच्या हाती गेल्या.

बंदुकीच्या बाबतीत जे झालं ते कमी लोकांना माहीत असतं. देशी पायदळासाठी ‘१८५८ चा नमुना’ नावाची वेगळी बंदूक काढण्यात आली. दिसायला हुबेहूब एनफिल्ड. तीच लांबी, तोच लाकडी दस्ता, नळीवर तसेच पट्टे, तोच घोडा. पण नळी आतून कोरून पेच काढून टाकलेले. व्यास ०.५७७ वरून ०.६५६ इंचावर नेलेला, म्हणजे साधारण १६.७ मिलिमीटर. शिडीच्या माशीच्या जागी एक साधा ठोकळा. आकडे नाहीत, कारण लांबचा नेम अपेक्षितच नाही. आतून कोरल्यामुळे नळीची भिंत इतकी पातळ झाली की ती दबायला, वाकायला लागली. मग १८५९ मध्ये जाड भिंतीचा नमुना काढावा लागला. जाडी वाढवली, पण पेच परत दिले नाहीत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. चांगली बंदूक बनवण्याचं तंत्र, साचे आणि यंत्रं सगळं हाताशी असताना, तीच बंदूक मुद्दाम कमी पल्ल्याची करून देण्यात आली. ही कारखान्याची चूक नव्हती, ते धोरण होतं. गोऱ्या शिपायाचा पल्ला देशी शिपायापेक्षा कायम जास्त राहावा, हा हेतू. पुढेही हाच क्रम दिसतो. गोऱ्या फौजेला १८६६ पासून मागून भरायची स्नायडर आणि १८७१ पासून मार्टिनी-हेन्री मिळत गेली, तशी जुनी हत्यारं देशी पलटणींकडे उतरत गेली. नेहमी एक पायरी मागे.

आणि मुंबई सैन्याचं काय? कोल्हापूरला ३१ जुलै १८५७ रोजी २७ वी पलटण उठली. मुंबईत १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. पण एकूण मुंबई सैन्य मोठ्या प्रमाणात सरकारबाजूने राहिलं. तरीही अविश्वासाचं धोरण सगळ्यांनाच लागू झालं.

एक सावधगिरी : हे धोरण सर्वसाधारण होतं, म्हणून प्रत्येक पलटणीला ते जसंच्या तसं चिकटवू नका. मुंबई सैन्याच्या चौथ्या पलटणीच्या नावातच ‘रायफल’ होतं. तुमच्या अभ्यासातला शिपाई कुठल्या पलटणीत, कुठल्या साली होता, हे आधी पाहा आणि मगच त्याच्या हातात बंदूक द्या.

महाड-पोलादपूरला याचं काय?

कोकणातल्या मराठा आणि महार घराण्यांतून मुंबई सैन्यात मोठी भरती होत असे. पेन्शन घेऊन परतलेले सुभेदार, जमादार, हवालदार या भागात बरेच होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकी सर्वांत ठाऊक असलेलं नाव. सैन्यातून १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते लेखन आणि चळवळीत उतरले. महारांची भरती बंद होऊ लागली तेव्हा, १८९० च्या दशकात, ती पुन्हा सुरू करावी म्हणून त्यांनी सैन्याच्या वरिष्ठांकडे अर्ज केला. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा वरिष्ठ जातींच्या सभासदांनी त्यांच्यासोबत बसायला विरोध केला. पुढे १९-२० मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्षीय भाषणात याच परिसरातल्या लष्करी पेशाच्या परंपरेचा आणि बंद झालेल्या भरतीचा विषय मांडला होता.

म्हणजे या गावांच्या आठवणीत सैन्याची नोकरी ही फक्त नोकरी नाही. तिच्यामुळे घरात अक्षर आलं, पेन्शन आली, मान आला. आणि ज्या सरकारची चाकरी केली त्याने आधी कमी दर्जाची बंदूक दिली आणि शेवटी दारच बंद केलं. प्रदर्शन पाहायला येणार होते ते याच शिपायांचे पणतू-खापरपणतू.

दुसरी गोष्ट कागदांची. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं. त्याच दिवसांत तळीये आणि पोलादपूर तालुक्यातल्या काही वाड्यांवर दरडी कोसळल्या. माणसं गेली, घरं गेली. जी वाचली त्यांच्या ट्रंकांतले कागद चिखल झाले : पेन्शनची पत्रं, डिस्चार्जचे दाखले, गणवेशातले फोटो. जिथे कागद उरत नाही तिथे वस्तूच्या शब्दाला जास्त वजन येतं. ‘आमच्या पणजोबांकडे अशीच बंदूक होती’ असं कुणी त्या प्रतिकृतीकडे बोट दाखवून म्हणालं, की पुढच्या पिढीसाठी तोच पुरावा होणार. त्यामुळे ती वस्तू काय सांगते आहे याची जबाबदारी आमच्यावर होती.

(जाता जाता : पोलादपूरच्या नावात ‘पोलाद’ आहे म्हणून तिथे हत्यारं घडत असणार, असं एकाने हौसेनं पाटीवर लिहायला घेतलं होतं. नावावरून इतिहास काढायचा मोह आवरा. दुसरा आधार नसेल तर पाटी कोरी ठेवा.)

प्रतिकृतीत काय काय निघालं?

वस्तू हातात आल्यावर आम्ही आधी मापं घेतली, मग मत बनवलं. हा क्रम तुम्हीही पाळा. व्हर्निअर कॅलिपर, शिवणकामाची टेप, वजनकाटा आणि मोबाइलची बॅटरी एवढ्यात काम होतं.

१. नळी आतून गुळगुळीत. एकही खाच नाही. आत सांध्याची उभी रेघ स्पष्ट दिसते, म्हणजे बाजारात मिळणारा साधा जोडाचा पाइप.

२. तोंडाशी व्यास १३ मिलिमीटर. ना १४.७, ना १६.७.

३. मागे शिडीची माशी, उघडते-मिटते, ९०० पर्यंत आकडे कोरलेले.

४. घोड्याच्या पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि ‘१८५३’ हे साल.

५. दस्ता शिसवाचा. मूळच्या बंदुकांना अक्रोडाचं लाकूड असे.

६. गज सहा इंच आखूड, नळीच्या तळापर्यंत पोचत नाही.

७. बोंडीचं भोक पाडलेलंच नाही, मागची बाजू वेल्डिंगने बंद.

यातला सातवा मुद्दा दोष नाही. शोभेची वस्तू उडता कामा नये, आणि आम्हाला तशीच हवी होती. परदेशात इतिहासाचे प्रसंग उभे करणाऱ्या हौशी मंडळींना भारतात बनलेल्या ठासणीच्या बंदुकांच्या नकला जातात, त्याही बऱ्याचदा भोक न पाडताच पाठवल्या जातात.

पाचवा आणि सहावा मुद्दा हे नकलेचे साधे दोष आहेत. स्वस्तात, हाताशी असलेल्या मालात वस्तू बनवली की असं होतं. पाटीवर एक ओळ लिहिली की भागतं.

चौथा मुद्दा मात्र शिकण्यासारखा आहे. १८५३ हे नमुन्याचं साल आहे. खऱ्या बंदुकीच्या पट्टीवर ती बंदूक ज्या वर्षी बनली ते साल असतं. ‘टॉवर’ हा शब्द ठेकेदारांकडून घेतलेल्या बंदुकांवर, तर एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बनलेल्यांवर ‘एनफिल्ड’ असा शब्द येतो. नक्कल करणाऱ्याने पुस्तकातल्या नावातून साल उचललं आणि पट्टीवर टाकलं. कागदपत्रांतही हीच गंमत होते. कायद्याचं साल, तो लागू झाल्याचं साल आणि प्रत्यक्ष नोंदीचं साल या तीन वेगळ्या गोष्टी असतात. बनावट किंवा उत्तरकालीन कागद बऱ्याचदा त्यांच्या सरमिसळीवरूनच ओळखू येतो.

‘ठेवून घेऊ’ हा युक्तिवाद

आमच्यातल्या एकाचं म्हणणं असं होतं : “अरे, नळी गुळगुळीत आहे तर उत्तमच झालं! आपल्या शिपायांना गुळगुळीत नळीचीच बंदूक मिळाली होती ना? विक्रेत्याने रायफल म्हणून विकली असेल, पण आपल्या विषयाला ती जास्त बरोबर आहे. पाटी बदलू, ‘१८५८ चा नमुना’ असं लिहू, झालं काम.”

ऐकायला हे एकदम पटतं. वर्गणीचे पैसे वाचतात, धावपळ वाचते आणि शिवाय एक चमकदार गोष्ट सांगायला मिळते. आम्ही जवळजवळ हो म्हणणारच होतो. मग तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न : दोष कुठून आला? १८५८ च्या बंदुकीची नळी गुळगुळीत होती, कारण सरकारला शिपायावर विश्वास नव्हता. या प्रतिकृतीची नळी गुळगुळीत आहे, कारण पाइप स्वस्त पडतो. परिणाम सारखा, कारण पूर्ण वेगळं. दोन गोष्टी योगायोगाने सारख्या निघाल्या म्हणून एक दुसरीचा पुरावा होत नाही. संशोधनात हा सापळा वारंवार येतो. दोन गावांत एकच चाल दिसली की आपण लगेच संबंध जोडतो. दोन बखरींत एकच चूक दिसली की एकीवरून दुसरी उतरवली असं म्हणतो. कधी ते खरं असतं, कधी दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी तीच चूक केलेली असते. कारण तपासल्याशिवाय साम्य वापरू नका.

दुसरा प्रश्न : बाकीचे तपशील त्या पाटीला साथ देतात का? नाही. १३ मिलिमीटरची नळी दोन्हीपैकी कुठल्याच नमुन्यात बसत नाही. ९०० आकड्यांची शिडी १८५८ च्या नमुन्यात नसते. पट्टीवरचं साल तर उघड उलट बोलतं. सात तपशिलांतला एक आपल्या म्हणण्याला जुळतो म्हणून उरलेले सहा झाकून ठेवणं ही पुराव्याची निवड झाली, वाचन नाही.

तिसरा प्रश्न : पाहणाऱ्याला काय दिसेल? इथे निर्णय झाला. या वस्तूत जे आमच्या विषयाशी जुळतं ते नळीच्या आत आहे, आणि नळीत कुणी वाकून पाहत नाही. जे जुळत नाही ते सगळं बाहेर, डोळ्यांसमोर आहे : मुकुट, साल, लांब पल्ल्याची शिडी. आम्ही पाटी लावणार, पण लोक फोटो काढणार आणि फोटो पाटीशिवायच व्हॉट्सॲपवर फिरणार. बंदूक हातात धरून उभा राहिलेला पणतू आणि खाली ओळ : ‘आमच्या पणजोबांची रायफल’. ज्या माणसाला रायफल द्यायची नाही असं सरकारने ठरवलं होतं, त्याच्या हाती आम्ही दीडशे वर्षांनी ती देऊन टाकली असती, आणि त्याच्यावर झालेला अन्याय पुसला गेला असता. तोही त्याच्याच घरच्यांच्या समोर.

यावर दुसऱ्या मैत्रिणीने एक रास्त मुद्दा काढला. पदव्युत्तर वर्गाला ‘बनावट तपशील ओळखा’ असा सराव द्यायचा असेल तर हीच वस्तू सोन्यासारखी आहे. ते खरंच आहे. तिथे दोष शोधणं हाच उद्देश असतो, बघणारे थोडे असतात आणि शिकवणारा समोर उभा असतो. म्हणून ‘सदोष वस्तू ठेवावी की नाही’ याला एकच उत्तर नाही. ती कुणासमोर, काय सांगायला ठेवायची आहे यावर ते ठरतं. आमच्या प्रदर्शनासाठी उत्तर ‘परत’ असं होतं.

परत करताना

पाचव्या दिवशी परत पाठवली. विक्रेत्याच्या अर्जात कारण निवडायचं होतं : ‘वस्तू खराब आहे’ किंवा ‘वर्णनाशी जुळत नाही’. आम्ही दुसरं निवडलं. शोभेची वस्तू म्हणून तिच्यात मोडतोड काही नव्हती. भिंतीवर टांगायला कुणी घेतली तर त्याचं काही अडणार नाही. जाहिरातीतल्या दाव्याला ती उतरत नव्हती, एवढंच. पुरावा तपासताना हाच फरक ध्यानात ठेवा. ‘हे साधन वाईट आहे’ असं म्हणून काही हाती लागत नाही. ‘हे साधन अमुक दाव्याला पुरत नाही’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न सुचतो.

पाठवण्याआधी तिची पूर्ण नोंद केली : सगळी मापं, वीसेक फोटो, नळीत बॅटरी मारून काढलेला सांध्याचा फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह. वस्तू गेली तरी नोंद राहते. आजच्या बाजारात ‘१८५७’ कसा विकला जातो यावर कुणाला कधी लिहायचं असेल, तर ही नोंद उपयोगी पडेल. नकली वस्तू ज्या काळाची नक्कल करते त्याबद्दल कमी आणि स्वतःच्या काळाबद्दल जास्त सांगते.

मग प्रदर्शनात काय ठेवलं? सुताराकडून दोन लाकडी ठोकळे करून घेतले. एकात १४.७ मिलिमीटरचं भोक आणि त्यात पटाशीने कोरलेल्या तीन तिरक्या खाचा. दुसऱ्यात १६.७ मिलिमीटरचं साधं गुळगुळीत भोक. मागे पूर्ण आकाराचं बंदुकीचं रेखाचित्र, दोन्ही नमुन्यांच्या माश्या शेजारी शेजारी. पाटीवर एवढंच : ‘करंगळी घालून पाहा. पहिली नळी गोऱ्या शिपायाची, दुसरी देशी शिपायाची. साल १८५८ नंतर.’ खर्च प्रतिकृतीच्या मानाने नगण्य. लोक बोट घालायचे, थांबायचे आणि विचारायचे, “असं का केलं?” तिथून पुढे पील आयोग, भरतीबंदी, वलंगकरांचा अर्ज हे सगळं सांगता यायचं.

तुमच्यासाठी

मुलाखतीत किंवा प्रस्तावात ‘भौतिक संस्कृतीचा वापर करणार’ असं लिहिणारे बरेच असतात. पुढचा प्रश्न येतो : ‘कसा?’ तेव्हा सांगायला एक साधी रीत देते. वस्तू समोर आली की आधी मोजा. मग मूळ नमुन्याचे तपशील काढा. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय इथल्या शस्त्रदालनांत एकदा वही घेऊन जाऊन या. पलटणींच्या नोंदींसाठी मुंबईच्या राज्य अभिलेखागारातले लष्करी खात्याचे खंड पाहा. गावांच्या माहितीसाठी १८८३ चं कुलाबा गॅझेटिअर उघडा. ते तुम्हाला गावं, लोकवस्ती, व्यापार सांगेल, पण सरकारी नजरेतून, हे विसरू नका.

मग प्रत्येक फरकापुढे एक शब्द लिहा : नकलेचा दोष, काळाची झीज, की धोरण. एनफिल्डच्या बाबतीत या तिसऱ्या रकान्यातच शिपायांचा इतिहास सापडला. तुमच्या विषयात तो कदाचित झिजेच्या रकान्यात असेल. कुठल्या रकान्यात आहे हे ठरेपर्यंत वस्तू ठेवायची की परत करायची याची घाई करू नका. मुदत सात दिवसांची असेल तर पहिले पाच मोजण्यात घालवा.